वैरणीच्या जड गाठी हलवताना हातपाय शाबूत कसे ठेवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गोठा शिरूर तालुक्यात, चासकमान कालव्याच्या पट्ट्यात. लहानमोठी धरून अठरा जनावरं. पूर्वी कडब्याच्या पेंढ्या यायच्या, आता कडबा कमी झाला आणि उसाचं पाचट, गव्हाचं काड, सोयाबीनचं भुस्कट, मावळातला भाताचा पेंढा असं सगळं बेलरनं, म्हणजे वैरण दाबून बांधणाऱ्या यंत्रानं, बांधलेल्या गाठीत येतं, कुणी त्याला बेल म्हणतं कुणी गठ्ठा. पाहुण्यांचे, मित्रांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच लिहून काढतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण गाठीला पेंढी समजून वागतो आणि तिथंच फसतो. पेंढी पडली तर पडते, गाठ पडली की घरंगळते आणि खाली कोण उभंय ते बघत नाही.

एका गाठीचं वजन नक्की किती असतं?

कुठल्या बेलरची त्यावर आहे. आपल्याकडं जास्त दिसतो तो छोटा गोल बेलर, त्याची गाठ साधारण दोन फूट जाड, तीन फूट लांब, वजन १८ ते २५ किलो. चौकोनी छोटी गाठ १५ पासून ३५ किलोपर्यंत, दाब किती ठेवलाय आणि लांबी किती ठेवलीय त्यावर. मोठ्या गोल बेलरची चार फुटी गाठ अडीचशे-तीनशे किलोच्या घरात जाते, आणि पाचटाच्या मोठ्या चौकोनी गाठी चार-पाचशे किलोपर्यंत. मुरघासाची (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची) गाठ दिसायला छोटी पण आत ओला मका, त्यामुळं त्याच मापाच्या सुक्या गाठीपेक्षा कितीतरी जड. आणि सुकी गाठ एका वळवाच्या पावसात भिजली की तीच गाठ दुसऱ्या दिवशी उचलत नाही. अंदाजावर जाऊ नका, ट्रॉली वजनकाट्यावर न्या, भरलेल्यातनं रिकामी वजा करा आणि गाठींच्या संख्येनं भागा. पैसे देताना तसंही काट्यावर जावंच लागतं.

एकट्यानं किती किलो उचलावं? आमचा गडी पन्नास किलोचं पोतं सहज उचलतो.

उचलत असेल. एकदा उचलणं वेगळं आणि दिवसभरात दीडशे वेळा उचलणं वेगळं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली पुरुष कामगारासाठी जास्तीत जास्त ५५ किलो अशी शिफारस केली होती, ती वरची हद्द झाली, रोजचं प्रमाण नाही. पाठीच्या दुखण्यावर काम करणारे अमेरिकेतले तज्ज्ञ सगळं अनुकूल असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, वळायचं नाही, तरी २३ किलोचाच आकडा धरतात. शेतात यातलं काहीच अनुकूल नसतं, पायाखाली ढेकळं, गाठ जमिनीवर, आणि वर ट्रॉलीत टाकायची. म्हणून आमच्याकडं निदान पंचवीसच्या वरची गाठ तरी दोघांनीच, असा नियम केलाय. पहिले दोन दिवस गडी हसले, आता आपणहून जोडीनं येतात.

उचलायची बरोबर पद्धत कुठली?

आधी पायानं ढकलून बघा, जड आहे का, खाली काही चिकटलंय का, सुतळी ढिली आहे का. मग गाठीच्या अगदी जवळ जा, एक पाय थोडा पुढं, गुडघ्यात वाका, गाठ छातीला लावा आणि पायाच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पाय उचलून वळा. कंबर फिरवून गाठ बाजूला फेकायची जी सवय असते ना, तिच्यानंच माणूस चाळिशीत पट्टा बांधून हिंडायला लागतो. दोघं असाल तर एकानंच आवाज द्यायचा, "एक, दोन, हं" म्हटल्यावर दोघांनी उचलायचं. एकानं उचललं आणि दुसरा तंबाखू मळतोय असं झालं की सगळं वजन एकाच्या मनगटावर येतं.

आणि मुळात उचलायचीच कशाला? लोटता येत असेल तर लोटा, फळीवरून सरकवता येत असेल तर सरकवा. ट्रॉलीच्या फाळक्याला (कडेच्या झडपेला) जाड फळी लावून गोल गाठी वर ढकलल्या तर उचलण्याची निम्मी मेहनत वाचते, फक्त फळी वर बांधलेली हवी आणि फळीच्या खालच्या टोकाला कुणी उभं नको.

सुतळीला धरून उचलायला सोपं जातं, चालेल ना?

चालतं, तुटेपर्यंत. ट्रॉलीच्या कडेवर उभं राहून वरनं सुतळी ओढायची, ती तुटली की माणूस पाठीवर खाली, आणि ट्रॉलीवरनं पाठीवर पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. धरायचंच असेल तर दोन्ही सुतळ्या एकदम धरा, त्या टणक आहेत का ते बघून. हातमोजे घाला, सुतळीनं बोटं कापतात आणि काडाची टोकं नखात घुसतात. हमालांचा लोखंडी आकडा असेल तर उत्तम, पण आकडा स्वतःच्या गुडघ्याकडं टोक करून ओढू नका.

तीनशे किलोची गोल गाठ आली, लोडर नाही. चौघांनी ढकलून नेऊ का?

सपाट जागेवर, वाटेत काही नसताना, मागून ढकलत न्या, हरकत नाही. पुढं कुणीही नको. गाठ थांबवायला म्हणून पुढं पाय लावणारा हमखास असतो, त्याला आधीच बाजूला घ्या. तीनशे किलो एकदा गडगडायला लागले की माणूस ते थांबवू शकत नाही, त्याला फक्त बाजूला होता येतं. जरासा जरी उतार असला तरी ढकलूच नका, तासाभरासाठी जेसीबी किंवा लोडरवाला ट्रॅक्टर सांगा. त्याचं भाडं दवाखान्याच्या खर्चापुढं काहीच नाही.

लोडरवर मोठी गाठ घेताना काय बघायचं?

इथं जरा सावकाश वाचा, कारण जीव जातो तो इथं.

साध्या बकेटमध्ये गोल गाठ घेऊन वर उचलली की ती बकेटमधनं मागं सुटते आणि लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या मांडीवर येते. आपले बहुतेक ट्रॅक्टर वर छत नसलेले, असलं तरी ते उन्हासाठीचं कापडी नाहीतर पत्र्याचं, गाठ अडवायचं नाही. म्हणून गोल गाठीला बकेट वापरू नका. पुढं लांब टोकदार लोखंडी सुळा असतो तो लावा, तो गाठीच्या मधोमध किंचित खालच्या अंगाला खुपसा, किंवा दोन्ही बाजूनं आवळून धरणारा पंजा लावा.

गाठ घेऊन चालताना ती जमिनीपासून फूट-दीड फूटच वर ठेवा. वर धरून चालवलं की ट्रॅक्टरचा तोल वर जातो, एक चाक पाटात गेलं की आडवा. वर उचलायचं ते फक्त रचायच्या जागी पोचल्यावर, ट्रॅक्टर थांबवून.

पुढं वजन आलं की मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक तर मागच्याच चाकांना असतात. त्यामुळं मागं वजन लावा, सिमेंटचा ठोकळा नाहीतर चाकांना लोखंडी वजनं. मागच्या हायड्रॉलिकवर सुळा लावून गाठ नेत असाल तर उलटं होतं, पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो.

उचललेल्या गाठीखालून कुणी जायचं नाही. "पटकन सुतळी काढून येतो" म्हणून सुद्धा नाही.

आमचं रान डोंगरउताराचं आहे, तिथं?

भोर, वेल्हे, आंबेगावच्या वरच्या अंगाला हे सगळ्यांचंच दुखणं. लक्षात ठेवायचं एवढंच की गाठ कायम चढाच्या बाजूला हवी. पुढच्या लोडरवर गाठ असेल तर चढताना सरळ चढा आणि उतरताना रिव्हर्समध्ये उतरा. मागं गाठ असेल तर याच्या बरोब्बर उलट. उताराला आडवा ट्रॅक्टर घालून गाठ वर उचलणं म्हणजे उलटायचं आमंत्रण.

गोल गाठ उतारावर ठेवताना ती गडगडायची दिशा उताराकडं ठेवू नका, आडवी फिरवून ठेवा, म्हणजे तिचं सपाट तोंड खाली उताराकडं येईल. शिवाय खालच्या अंगाला धोंडा लावा. बेलरवाल्यालाही आधीच सांगा की गाठ सोडायच्या आधी ट्रॅक्टर वळवून घे, नाहीतर गाठ सुटते ती थेट खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत.

ट्रॉली किती उंच भरायची?

जेवढी परत उतरवताना भीती वाटणार नाही तेवढी. हिशोब करा, २५ किलोच्या दीडशे गाठी म्हणजे ३,७५० किलो झाले, पावणेचार टन. खालचे थर आडवे-उभे असे, विटांच्या बांधकामात सांधा मोडतात तसे रचा, वरचा थर जरा आत घ्या. गोल छोट्या गाठींना कडेला टेकण लागतं, फाळका नसेल तर बाजूला बांबू उभे बांधा. मग नाडा टाकून आवळायचं, दोन पुढं-मागं आणि एक आडवा. अर्धा किलोमीटर गेल्यावर थांबून नाडा परत आवळा, कारण गाठी बसतात आणि नाडा ढिला होतो. हे कुणी करत नाही. रस्त्यात गाठी सांडलेल्या दिसतात त्या सगळ्या याच आळसाच्या.

भरताना ट्रॅक्टरवाल्यानं वरच्या माणसाला विचारल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. वरचा माणूस गाठीवर उभा असतो, धरायला काही नसतं, एक झटका पुरतो.

रस्त्यानं नेताना?

दोन्ही ब्रेकच्या पॅडलना जोडणारी कडी असते ती रस्त्यावर येण्याआधी लावा. शेतात वळायला आपण एकेक ब्रेक वापरतो, तीच सवय हायवेवर राहिली की भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं ढकलते. दिवे घाटासारख्या उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा, ज्या गिअरनं चढला असता त्याच. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग मी पाहिलेत, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो हे ते विसरतात. मागं रिफ्लेक्टर, लाल दिवा. गाठी बाहेर आल्या की मूळ दिवे झाकले जातात, म्हणून रिफ्लेक्टर गाठींवर बाहेरून बांधा. गाठींवर माणसं बसवून रस्त्यानं जायचं नाही, मग ती कितीही घरची असोत.

वरच्या तारांचं काय?

भरायला सुरुवात करण्याआधी मान वर करून बघा. रानात उन्हाळ्यात तारा खाली लोंबतात, आणि ट्रॉलीवर उभा माणूस वर काठी किंवा पहार घेऊन असला की झालंच. ११ केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) तारेला चिकटावं सुद्धा लागत नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. तारेखाली गाठी भरायच्या नाहीत, उतरवायच्या नाहीत, वळईही (गाठींची रास) घालायची नाही. लोडर चुकून तारेला लागलाच तर खाली उतरू नका, सीटवर बसून राहा, बाकीच्यांना लांब उभं करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. ट्रॅक्टर पेटला म्हणून उतरावंच लागलं तर ट्रॅक्टरला हात लावलेला असताना जमिनीवर पाय टेकायचा नाही, दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची आणि पाय जोडलेलेच ठेवून घसटत लांब जायचं.

वळईतनं गाठ काढताना कुठनं काढायची?

वरनं. कायम वरनं, पायऱ्या पायऱ्या करत.

ह्याचा धडा मी स्वतः घेतलाय. मृगाच्या आधी दोन दिवस आभाळ आलं होतं, वरचा ताडपत्रीचा नाडा सोडायचा कंटाळा केला आणि संध्याकाळच्या वैरणीसाठी तिसऱ्या थरातली एक गाठ हाताला लागली ती ओढली. आली निम्मी. पायानं रेटा देऊन परत ओढली, आणि वर काहीतरी "खस्स" झालं. वर बघेपर्यंत दोन गाठी खांद्यावर आणि एक पाठीवर. जड नव्हत्या हो, वीस-बावीस किलोच्याच, पण सात फुटांवरनं आल्या. खांदा निखळला, सहा आठवडे हात गळ्यात आणि दूध काढायला बायको. त्या गाठीतली वैरण शेवटी भिजलीच.

रचताना खाली फळ्या किंवा दगड टाका म्हणजे ओल धरत नाही. गोठ्याच्या विटांच्या भिंतीला टेकवून रचू नका, गाठी बसल्या की भिंतीला रेटतात. हातानं रचणार असाल तर डोक्याच्या वर दोन थरांपलीकडं जाऊ नका.

गाठ हाताला गरम लागते, काही होतं का?

होतं, पेटते. ओलं गवत किंवा पाचट बांधलं की आत बुरशी-जिवाणू वाढतात, उष्णता तयार होते आणि दाबलेल्या गाठीतनं बाहेर जाता येत नाही. म्हणून १५ ते १८ टक्क्यांच्या वर ओल असताना बांधू नये. मूठभर काड पिळून बघा, कडकड मोडलं पाहिजे, वळलं तर थांबा. धोका पहिले दोन-तीन आठवडे जास्त, पण सहा आठवडे तरी लक्ष ठेवा. गंजीत लोखंडी पहार खुपसा, पंधरा-वीस मिनिटांनी काढा आणि टोक धरा. धरवलं नाही तर आत साठच्या आसपास किंवा वर गेलंय समजा. ५५ अंशांला रोज बघायला लागा, ६५ ला धोका, ८० च्या आसपास आग लागल्यातच जमा. इतकं गरम झाल्यावर गाठी घाईनं ओढून काढू नका, आत हवा शिरली की भडका उडतो. आणि वर चढू नका, आतनं जळून पोकळ झालेली असते, माणूस आत जातो. अग्निशमनला १०१ लावा आणि पाणी तयार ठेवा. द्राक्षवाल्यांकडं फवारणीचा ब्लोअर असतो, त्याची टाकी भरून जवळ उभी केली तर बंबाला यायला वेळ लागतो तेवढा तरी जातो.

बिडी, सायलेन्सरची ठिणगी हे वेगळं सांगत नाही.

साप निघतात का?

निघतात. उंदीर आले की साप आलाच. गाठीखाली हात घालण्याआधी काठीनं उलटवा, गमबूट घाला, अंधारात बॅटरी घ्या. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तर घोणस आहे, जागेवरून मागं व्हा. चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. माणसाला चालवू नका, हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत येत नाही.

जुन्नर-शिरूरकडं पाचट गोळा करताना बिबट्याची पिल्लं सापडतात. हात लावू नका, फोटो काढत बसू नका, आई जवळच असते. सगळ्यांना बाहेर काढा आणि वनखात्याला कळवा.

बेलरमध्ये गाठ अडकली तर?

ट्रॅक्टर बंद, चावी काढून खिशात, सगळं फिरायचं थांबल्यावरच हात. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्र फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गमछ्याचं टोक अडकलं तर "अरे" म्हणेपर्यंत गळ्याला नऊ वेढे. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं म्हणून काढून टाकलेलं असतं, ते नवीन बसवून घ्या. साडीचा पदर, ओढणी, लोंबणारा गमछा घेऊन बेलरजवळ जायचं नाही.

गडी उक्त्यावर घेतले तर काम लवकर होतं. घ्यावेत का?

माझं मत, भरायला घ्या, वळई उतरवायला घेऊ नका. गाठीमागं पैसे ठरले की माणूस पळतो, दोन गाठी एकदम उचलतो, पाणी प्यायला थांबत नाही. मे महिन्यात सकाळी सहा ते दहा काम, मग ताक, लिंबूपाणी आणि सावली, परत चारनंतर. अपघात बहुतेक शेवटच्या खेपेला होतात, "एवढी एकच राहिलीय" म्हणत अंधारात.

धुळीनं खोकला येतो, रुमाल बांधला तर पुरतो का?

बुरशी आलेल्या गाठीला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घ्या. काम झाल्यावर चार-आठ तासांनी ताप, अंगदुखी, दम लागणं असं होत असेल तर तो साधा फ्लू नसून बुरशीमुळं फुप्फुसाला आलेली सूज असू शकते. डॉक्टरांना वैरणीचं काम करतो हे आवर्जून सांगा, नाहीतर ते तापाच्या गोळ्या देऊन पाठवतात.

कुणी गाठीखाली सापडलं तर?

आधी बाकीच्या गाठी पडणार नाहीत हे बघा, नाहीतर वाचवणारा पण खाली. मोठी गाठ अंगावरून लोटून नेऊ नका, सरळ वर उचला. मान, पाठ दुखतेय म्हणाला तर उठवून बसवू नका, १०८. नुसती कंबर धरली असेल आणि पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा लघवी अडकली तर मलम चोळत न बसता त्याच दिवशी दवाखाना.

पोरं गाठींवर खेळतात, खेळू द्यावं का?

नाही. पोरांना गाठींमध्ये बोगदे करायला आवडतात, आम्हीही केलेत, आता विचार केला की पोटात गोळा येतो.

कापलेल्या सुतळीचं काय करायचं?

गाठ सोडताना सगळ्या सुतळ्या मोजून काढा आणि दारामागं एका खिळ्याला अडकवत जा. प्लॅस्टिकची सुतळी गाईच्या पोटात गेली की साठून राहते, आणि काही गाठींना बारीक तार असते ती तर जाळीपोटातनं थेट काळजात घुसते. आमच्या गोठ्यात गाठी किती सोडल्या ते त्या खिळ्यावरनंच कळतं.